नशीब, निसर्ग आणि गिऱ्हाइकाचं ऐकणं: 'नाही'ची वही कशी ठेवायची



मागच्या व्हिडिओत मी 'नशीब' या शब्दावर जेमतेम दोन मिनिटं बोललो आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. "सर, मेहनत करतोय, पण नशिबातच नाही." "पाऊसच पडला नाही तर दुकानदार काय करणार?" "घरचे म्हणतात, बंद कर आणि नोकरी बघ." व्हिडिओत हे सगळं मावत नाही, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी स्वतः रोज सकाळी शटर उघडल्यावर गल्ल्याला उदबत्ती ओवाळतो. दैव मानणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. दुकानात बसल्यावर आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच 'नशीब' हे नाव देऊन टाकतो. पाऊस लांबला, नशीब. दुकानासमोरचा रस्ता सहा महिने खणून ठेवला, नशीब. गिऱ्हाईक चार वेळा एकच वस्तू मागून गेलं, आपण ती ठेवली नाही आणि ते शेजारी वळलं, तेही नशीब! यातली पहिली गोष्ट निसर्गाची. दुसरी खरोखरच आपल्या हाताबाहेरची. तिसरी मात्र सरळसरळ कानाची आहे. तिघींवर इलाज वेगळा, त्यामुळे हिशेब करताना त्या वेगळ्या काढाव्याच लागतात.

एक उदाहरण घेऊ. आमच्या बॅचमधला एक मुलगा, वय सव्वीस. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात त्याचा गाळा आहे. नाव सांगत नाही, आणि आकडे त्याला विचारून थोडे गोल केलेत. त्याने मे महिन्यात घरातलं सोनं तारण ठेवून पावसाळी माल भरला. रेनकोट १,२०,००० रुपयांचे आणि छत्र्या ६०,००० रुपयांच्या. हिशेब साधा होता: मामाचं दुकान कराडला आहे, तिथे जूनमध्ये रेनकोट हातोहात जातात, मग इथेही जातील. ऑगस्टच्या मध्यावर तो क्लासला आला तेव्हा खरेदीच्या भावाने धरून १,८०,००० पैकी ५८,००० चाच माल गेला होता. उरलेला १,२२,००० चा माल पोटमाळ्यावर. मेहुणे म्हणत होते, गाळा सोड, पुण्याला कंपनीत लावून देतो. तो म्हणाला, "सर, माझ्या नशिबात धंदा नाही, एवढं कळलं."

मी त्याला म्हटलं, नशिबाचं नंतर बघू. आधी पाऊस बघू.

निसर्गाला सवयी असतात

सातारा जिल्हा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला महाबळेश्वर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण, तिथे पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, कलेक्टर एकच, पण पाऊस दहा-अकरा पट कमी! कारण आपण शाळेत शिकलोय. अरबी समुद्रावरून येणारे ढगाळ वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. डोंगर उतरून पूर्वेला येईपर्यंत त्यांच्यात फारसं पाणी उरत नाही. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश. माण-खटाव, जत, आटपाडी, सोलापूरचा बराचसा भाग यात येतो.

पण दुकानदारासाठी 'पाऊस कमी' एवढं कळून भागत नाही. तो कधी पडतो आणि कसा पडतो, हे त्याहून महत्त्वाचं. या पट्ट्यात जून-जुलैची झड क्वचित लागते. पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, तोही बहुतेक वेळा दुपारनंतर गडगडाट करत. तासभर धो धो कोसळतो आणि उघडतो.

आता याचा रेनकोटशी संबंध काय ते बघा. हवामान विभाग ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, त्याला 'पावसाचा दिवस' धरतो. माझ्या अनुभवाने रेनकोटचा खप एकूण मिलिमीटरवर ठरत नाही, तो पावसाच्या दिवसांवर ठरतो. रोज रिपरिप असेल तर माणूस भिजत भिजत कामावर कसा जाणार? तो रेनकोट घेतोच. पण आठवड्यातून एकदा तासभर सर येणार असेल, तर माणूस एसटी स्टँडच्या शेडखाली थांबतो, चहा पितो आणि पाऊस उघडल्यावर घरी जातो. त्याला रेनकोट कशाला हवा? म्हणजे कराडची गोष्ट माणला लागू पडलीच नसती, अगदी पाऊस वेळेवर आला असता तरी.

शेडखाली जाऊन थांबू शकत नाही ती खळ्यावर पडलेली बाजरी. काढलेला कांदा. कडब्याची गंज. त्याला लागते ताडपत्री, आणि ती लागते सप्टेंबरमध्ये.

इथे बातम्यांबद्दलही दोन शब्द बोलतो. एप्रिलमध्ये हवामान विभागाचा मान्सूनचा पहिला अंदाज येतो. "यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस." ही सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या काळातला जून ते सप्टेंबरचा देशभरातला पाऊस, साधारण ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान असला तर 'सामान्य'. हा आकडा देशाचा आहे. तुमच्या गाळ्यासमोर जूनमध्ये किती दिवस पाऊस पडेल हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. तरी दरवर्षी कुणी ना कुणी ती बातमी वाचून माल भरतो! त्यापेक्षा कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर जा. तिथे तालुक्याचा, अगदी महसूल मंडळाचासुद्धा पाऊस मिळतो. मागची चार-पाच वर्षं काढा, महिन्यावार लिहा. एका दुपारचं काम आहे. त्या मुलाने ते केलं आणि कागदाकडे बराच वेळ बघत बसला.

दुसरा मार्ग त्याहून जुना आहे. बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा. ते जून-जुलै म्हणणार नाहीत, नक्षत्रं सांगतील. आमच्यातली पोरं तिथे कंटाळतात, पण हा नुसता कॅलेंडरचा हिशेब आहे. नक्षत्रं सत्तावीस, सूर्य वर्षात एक फेरी करतो, म्हणजे एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनच्या आसपास लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या २६-२७ ला. एखादे आजोबा म्हणाले, "आपल्याकडं मृगाचं काय खरं न्हाय, उत्तरा-हस्तावर भिस्त", तर त्यांनी तुम्हाला माल भरायची तारीखच सांगितली: १३ सप्टेंबरच्या आधी ताडपत्री दुकानात पाहिजे. (नक्षत्राचं यंदाचं वाहन कोल्हा की हत्ती, यावर मी माल भरत नाही. ऐकायला गंमत वाटते, तेवढंच.)

'नाही'ची वही

आता तिसरी गोष्ट, कानाची. मी त्या मुलाला विचारलं, "जूनपासून लोक दुकानात येऊन काय मागत होते?" तो म्हणाला, "काही नाही, गिऱ्हाईकच नव्हतं." मग दुकानात मदतीला बसणाऱ्या त्याच्या आईला फोन लावला. माऊलींनी लगेच सांगितलं, "अहो, कागद मागायला येतात की बायका. रोज एक-दोन. आम्ही म्हणतो, पुढं स्टेशनरीचं दुकान आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे खेड्यात प्लास्टिकच्या ताडपत्रीला, मेणकापडाला सर्रास 'कागद' म्हणतात. भांगलायला जाणाऱ्या बायका त्याची खोळ करून डोक्यावरून घेतात. खाली वाकून दोन्ही हातांनी काम करायचं असतं, तिथे छत्री कामाची नाही आणि रेनकोटमध्ये उकडतं. आईंना हा शब्द घरचाच. पण पाटीवर 'रेनकोट-छत्री' लिहिलेलं, म्हणून 'आपल्याकडे ते नसतं' एवढं सांगून त्या मोकळ्या होत होत्या. दुकानाचा मालक मात्र म्हणत होता, गिऱ्हाईकच नव्हतं.

म्हणून माझ्या प्रत्येक बॅचला मी एक दहा रुपयांची वही घ्यायला लावतो. तिच्यावर लिहायचं 'नाही'. गिऱ्हाईक काही मागेल आणि तुमच्या तोंडून 'नाही' निघेल, तेव्हा ते गेल्याबरोबर त्यात नोंद करायची. तारीख, काय मागितलं, आणि कशासाठी हवं होतं. वस्तू त्यांच्याच शब्दात लिहा. 'कागद' म्हणाले तर 'कागद'च लिहा, त्याचं 'टारपॉलिन' करू नका. तुम्ही शब्द बदललात की कागद मागणारी दहा माणसं तुम्हाला वहीत सापडतच नाहीत. विकलेल्या मालाचा हिशेब तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर ठेवतं. न विकलेल्या मागणीचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

आणि 'कशासाठी' हा रकाना सोडू नका. सगळी माहिती तिथेच असते. "ताडपत्री आहे का?" याला पोरगं "किती फुटी?" विचारतं. तुम्ही आधी विचारा, "कशावर टाकायची आहे, मावशी?" गोठ्याच्या छपरावर कायमची टाकायची असेल तर जाड हवी. आठ दिवस कांद्यावर झाकायची असेल तर हलकी चालते, पण मोठी लागते. ताडपत्री जीएसएमवर विकतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ९० जीएसएमची छपरावर उन्हाने एका हंगामात विरते आणि गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या घालतं. २०० जीएसएमची कांद्यावर झाकायला दिली तर तिला उगाच जास्त पैसे पडले, पुढच्या वेळी ती येत नाही. गिऱ्हाईक जीएसएम सांगणार नाही. ते काम सांगेल. त्या कामाचं जीएसएम करणं ही आपली दुकानदारी.

ऐकण्यात अजून एक खोच आहे. "असं आणलं तर घ्याल का?" हा प्रश्न विचारूच नका. आपल्या लोकांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं, सगळे "हो हो, आणा की" म्हणतात. माल आला की कुणी फिरकत नाही. त्यापेक्षा झालेलं विचारा. मागच्या वर्षी काय टाकलं होतं? कुठून आणलं? कितीला पडलं? टिकलं का? यावर माणूस खरं सांगतो, कारण पैसे त्याच्या खिशातून गेलेले असतात. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. पुढच्या अर्ध्या मिनिटात आपण स्वतःच मालाची तारीफ सुरू करतो आणि समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं.

अडकलेल्या मालाचं काय केलं

इथपर्यंत आल्यावर मुलाला वाटलं, चला, आता रेनकोट पुढच्या जूनपर्यंत ठेवू. मी म्हटलं, हिशेब कर.

उरलेल्या १,२२,००० मध्ये ३८,००० च्या छत्र्या होत्या. त्या राहू दे म्हटलं. त्या भागात एप्रिल-मेच्या उन्हात छत्री जाते, तेव्हा विकता येतील. लहान मुलांचे रेनकोटही शाळेमुळे थोडेफार जातात. प्रश्न होता मोठ्यांच्या ६०,००० च्या रेनकोटचा. ते दहा महिने ठेवले तर तारणाचं व्याज महिना एक टक्क्याने ६,०००. वर प्लास्टिक चिकटतं, उंदीर लागतो, साइज तुटतात. मुख्य म्हणजे ६०,००० रुपये सप्टेंबरच्या ऐन हंगामात पोटमाळ्यावर पडून. उलट घाटाकडच्या, मेढा-पाटणच्या बाजूच्या दुकानदाराला ऑगस्टमध्ये अजून पाऊस असतो, त्याला तो माल चालतो. खरेदीच्या भावापेक्षा १२ टक्के कमीने द्यायचे म्हणजे ७,२०० चा तोटा आणि ५२,८०० हातात.

६,००० चा तोटा घरात बसून किंवा ७,२०० चा तोटा आणि पैसा मोकळा. त्याला दोन दिवस लागले. खरेदीच्या खाली विकायला जीव होत नाही, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी माल टेम्पोत चढला.

आलेल्या पैशातून त्याने ५०,००० च्या ताडपत्र्या आणि सुटा 'कागद' घेतला. तोही घाऊकवाल्याशी बोलून, की न उघडलेले बंडल ऑक्टोबरअखेर परत घ्याल. असं विचारायला लोक लाजतात. विचारा, फार तर नाही म्हणतील. पाटी बदलली: 'इथे कागद मिळेल'. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ५०,००० पैकी ४१,००० चा माल गेला आणि त्यावर १८ टक्क्यांनी सुमारे ७,४०० सुटले. म्हणजे रेनकोटचा खड्डा जेमतेम भरला. चमत्कार काही झाला नाही. सप्टेंबर कोरडा गेला असता तर एवढंही गेलं नसतं, तो भाग पावसाचाच. पण त्यासाठी बंडल परत करायची सोय आधीच करून ठेवलेली होती. गाळा अजून चालू आहे. मेहुणे अजून म्हणतात की पुण्याला ये.

मेहुण्यांवरून आठवलं. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपल्या धंद्यात फार चुकीची वापरली जाते. बरेच जण पहिला अर्धा भाग वगळूनच सुरुवात करतात. आणि 'जन' म्हणजे सगळेच सारखे नव्हेत. मेहुण्यांच्या बोलण्यात काळजी खरी असते, पण त्यांना तुमच्या बाजाराची माहिती नसते. काळजी ऐकायची, तिला मान द्यायचा आणि महिन्याचा खराखुरा हिशेब दाखवायचा. 'चाललंय' एवढंच उत्तर दिलंत तर ते नोकरीच सुचवणार. कंपनीच्या सेल्समनला माल माहीत असतो, पण महिनाअखेरीस त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं, म्हणून २५ तारखेनंतरचा सल्ला मी अर्ध्या वजनाने घेतो. सगळ्यात मोलाचं बोलतं ते गिऱ्हाईक, जे वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, परत ठेवून गेलं. त्याला हसत विचारा, "काय कमी वाटलं, काका?" दुखावणारं उत्तर येईल कदाचित. तेही वहीत लिहा.

आणि खरंच हाताबाहेरचं असतं तेव्हा

काही गोष्टी कितीही ऐकलं तरी टळत नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि दुकानांतला माल गेला. तिथल्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं ऐकलं नाही असं म्हणणं हा अडाणीपणा होईल. पण त्याच चिपळूणला २००५ मध्येही महापूर येऊन गेला होता, आणि कोल्हापूर-सांगलीला २०१९ नंतर दोनच वर्षांत पुन्हा पाणी आलं. नदीकाठच्या बाजारात गाळा घेताना जुन्या दुकानदाराला एवढंच विचारा, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. त्या हाताच्या खाली महागडा माल ठेवायचा नाही आणि मीटरचा बोर्डही नाही.

बाकीचं काम विम्याचं. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी आहे. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते, आणि आगीबरोबर पूर, वादळ हेही तिच्यात येतं. पण लोक हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहितात आणि तिथे फसतात. समजा दुकानात १० लाखांचा माल आहे आणि विमा ५ लाखांचा काढलाय. पुरात ४ लाखांचा माल गेला. तुम्हाला वाटतं ५ च्या आत आहे, म्हणजे ४ मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला, म्हणून निम्मंच नुकसान, २ लाख. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, त्याहून जास्त असेल तर असं प्रमाणात कापतात. त्यामुळे हंगामाचा माल भरला की विम्याची रक्कम वाढवून घ्या. गोडाऊन वेगळं असेल तर त्याचा पत्ता पॉलिसीत आहे का ते बघा. बँकेचं कर्ज असेल तर बँकेने काढलेला विमा किती रकमेचा आहे हे एकदा शाखेत जाऊन विचारा. बऱ्याचदा तो कर्जाएवढाच असतो, मालाएवढा नसतो.

आणि मे महिन्याच्या शेवटी एक काम करा. दुकानात उभं राहून मोबाइलवर सगळ्या रॅकचा व्हिडिओ काढा, हळूहळू, डबे-बंडलं मोजता येतील असा. खरेदीची बिलं आणि पॉलिसीचं पान यांचे फोटो काढा. सगळं स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, कारण बिलांची फाइल गल्ल्याखालच्या खणातच असते आणि पाणी पहिल्यांदा तिथेच येतं. 'नाही'च्या वहीच्या पानांचे फोटोही त्यातच टाका.